पावणेतीन वर्षांच्या मुलीची बाबागाडी कधी बंद करावी?

अनगोळची आई (प्रश्न)

नमस्कार. आमची मुलगी पावणेतीन वर्षांची आहे आणि सध्या तिच्या बाबागाडीवरून आमच्या घरात रोज थोडीफार वादावादी होते. आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. तिचे वडील उद्यमबागेत कामाला गेले की मी तिला घेऊन भाजीला जाते, आठवड्यातून दोनदा टिळकवाडीत माझ्या आईकडे जाते आणि पाऊस उघडला असेल तर संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत फिरायला नेते. या सगळ्या ठिकाणी ती गाडीत बसूनच येते.

तिच्या पायांत काही दोष आहे असे मला वाटत नाही. तेराव्या महिन्यात ती चालू लागली, घरात दिवसभर धावते आणि दुसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना कोणाचाही हात न धरता चढते. मात्र फाटकाबाहेर पाऊल पडले की ती गाडीकडे बोट दाखवते, आणि गाडी घरी ठेवून निघाले तर दोनशे पावलांच्या आत दोन्ही हात वर करून "उचल" म्हणून रस्त्यातच उभी राहते. मला सहावा महिना लागला आहे. साडेतेरा किलोच्या मुलीला कडेवर घेऊन चालणे आता मला झेपत नाही, त्यामुळे मी पुन्हा गाडीच काढते.

सासूबाईंचे म्हणणे असे की गाडीने पोरीच्या पायांतली ताकद जाईल. यजमान म्हणतात की मार्गशीर्षात बाळ आले की गाडी त्याला लागणारच आहे, तेव्हा हिची आपोआप सुटेल. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत, पण त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तरही नाही. मूल गाडी सोडायला तयार झाले आहे हे नेमके कशावरून ओळखावे, ती एकदम बंद करावी की हळूहळू, आणि आजवर गाडी वापरून मी खरोखरच तिला आळशी केले आहे का, याबद्दल ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

निपाणीकर बाबा

ताई, बाकीचे जाणकार सांगतीलच, मी फक्त वजनाबद्दल लिहितो. आपल्या गाडीच्या दांडीवर किंवा बैठकीखाली वजनाची मर्यादा छापलेली असेल, ती आधी पाहावी. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या, घडी होणाऱ्या गाड्यांवर बहुतेक वेळा १५ किलो असे लिहिलेले असते. काही दणकट गाड्या २२ किलोपर्यंत चालतात. आपली मुलगी साडेतेरा किलोची आहे, म्हणजे तिच्या वाढीचा वेग नेहमीचा असेल तर साडेतीन वर्षांच्या आसपास ती १५ किलोला पोहोचेल. साध्या गाडीचे आयुष्य साधारण तेवढेच धरावे.

आम्ही हे पाहिले नाही. मुलगा सोळा किलोचा झाला तरी त्याच गाडीतून गुरुवारच्या बाजाराला नेत होतो, आणि वर दांडीला भाजीच्या दोन पिशव्या. एकदा तो मध्येच उतरला आणि त्या पिशव्यांच्या भाराने रिकामी गाडी मागे उलटून माझ्या नडगीवर पडली. तो आत असता तर काय झाले असते, या विचाराने त्या दिवसापासून पिशवी दांडीला अडकवणे बंद झाले. पुढे महिन्याभरात पुढचे चाकही वाकले आणि आमचा निर्णय चाकानेच घेतला.

खानापूरची आजी

बाळ अनगोळच्या आई, तुझ्या सासूबाईंच्या वयाची मी आहे, म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. आमच्या वेळी बाबागाडी फोटोत पाहायला मिळे. मुलाला चालायला शिकवायला लाकडी तीन चाकांचा पांगुळगाडा असे, तोही थोरल्याचा धाकट्याला आणि धाकट्याचा शेजारच्याला जात असे. आमच्या तालुक्यात पाऊस असा की जूनपासून चार महिने लाल चिखल, त्यात कुठली चाके फिरणार? मुले चिखलातूनच चालायची.

हे सांगताना आमच्या वयाच्या बायका एक गोष्ट सोयीने विसरतात, ती मी इथे लिहून ठेवते. आमची मुले सगळी वाट चालत नव्हती. घरात दोन नणंदा, एक दीर आणि सासरे होते, आणि वाटेत मूल थकले की कोणाच्या ना कोणाच्या कडेवर किंवा खांद्यावर जाई. तुझ्याबरोबर सकाळी कोण असते? कोणी नाही. मग गाडी ही तुझी नणंद आहे असे समज आणि सासूबाईंना तसेच सांग. पायांतली ताकद गाडीने जात नाही. घरात जी पोर दिवसभर धावते आणि जिना चढते, तिच्या पायांना काय होणार आहे?

मात्र एक चूक माझ्या हातून झाली ती तू करू नकोस. नातू तीन वर्षांचा असताना मी त्याला बेळगावच्या बसस्थानकावर चालवत नेत होते. बस सुटायला आली म्हणून मी घाई केली, तो खाली बसला, आणि मी त्याचा एक हात धरून त्याला झटक्याने वर ओढले. पोर किंचाळले आणि तो हात हलवेचना, नुसता अंगाशी धरून राहिले. डॉक्टरांनी कोपर वळवून एका क्षणात तो बसवला आणि दहा मिनिटांनी नातू त्याच हाताने बिस्किट खात होता, पण ती दहा मिनिटे माझ्या जिवाला पुरली. ज्या बायका गाडी बंद करून मुलाला हाताने ओढत नेतात त्यांना पाहिले की मला अजून ते आठवते. त्यापेक्षा गाडी बरी.

हिंदवाडीची फिजिओथेरपिस्ट

आजींनी सांगितलेला प्रकार अगदी नेमका आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपरातील हाडाला धरून ठेवणारा बंध सैल असतो, त्यामुळे सरळ हाताला झटका बसला की ते हाड जागेवरून किंचित सरकते. चालण्याची सवय लावताना मुलाचे मनगट धरून ओढू नये. तळहात धरावा, आणि उचलायचेच असेल तर दोन्ही काखांत हात घालून उचलावे. असा प्रसंग आलाच तर घरी हात ओढून पाहू नये, डॉक्टरांकडे जावे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. मी लहान मुलांबरोबर काम करते आणि "आमचे मूल चालायला आळशी आहे" हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. न्यूयॉर्कमध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचे मोकळे खेळणे पाहून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही नुकती चालू लागलेली मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात असे आढळले. म्हणजे एका तासात सुमारे ७०० मीटर चाल होते, पण ती सरळ रेषेत नसते. पाच-सहा पावले, मग थांबणे, वळणे, काहीतरी उचलणे, परत मागे जाणे, असा तो प्रकार असतो. आपली मुलगी त्यांच्याहून बरीच मोठी आहे, पण चालण्याचा हा स्वभाव तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत पुष्कळसा टिकतो. मोठा माणूस कुठेतरी पोहोचण्यासाठी चालतो, आणि मूल वाटेत जे दिसते त्याच्यासाठी चालते. अनगोळहून टिळकवाडीला आपल्या वेगाने, न थांबता जायचे असेल, तर ते तिच्या दृष्टीने चालणेच नव्हे, आणि म्हणून ती दोनशे पावलांत "उचल" म्हणते. घरातले दिवसभराचे धावणे आणि रस्त्यावरचा हा नकार यांत मला तरी विसंगती दिसत नाही.

गाडीने पाय कमजोर होतात का, याचे उत्तर गाडीत किती वेळ जातो यावर अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल मिळावी, तीन वर्षांनंतर त्यातली ६० मिनिटे दमवणारी असावीत, आणि बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीला बांधून मुलाला एका वेळी एक तासाहून अधिक जखडून ठेवू नये असे म्हटले आहे. यात गाडीला मनाई नाही. मुलगी घरात आणि मैदानात तीन तास हलत-धावत असेल तर भाजीबाजारापर्यंतची वीस मिनिटांची गाडी तिचे काहीही बिघडवत नाही. पण आईकडे जाताना अर्धा तास, तिथे टीव्हीसमोर, येताना अर्धा तास आणि संध्याकाळी मैदानातही गाडीत, असे होत असेल तर सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे. आपण दोन दिवस घड्याळ लावून पाहावे. मैदानात गाडीत बसवून फिरवणे मात्र आजच बंद करावे. तिथे ना वाहने आहेत ना घाई.

तयारी ओळखण्याबाबत माझा अनुभव असा की पाय सर्वांत आधी तयार होतात आणि त्यांच्याकडे पाहून निर्णय घेण्यात फारसा अर्थ नाही. पाहायचे ते हे की ती आपला हात धरून राहते का, आणि हात सुटला असताना "थांब" म्हटल्यावर थांबते का. टिळकवाडीतून रेल्वे गेट ओलांडताना किंवा गणपत गल्लीत शिरताना आपण मुलाच्या पायांवर नाही, त्याच्या थांबण्यावर विसंबून असतो. आपल्याकडे फूटपाथ असला तरी त्यावर दुचाकी लावलेल्या असतात, गटारीवरची एखादी फरशी निखळलेली असते, आणि शेवटी रस्त्याच्या कडेनेच जावे लागते. जे मूल दहा हाकांपैकी निदान नऊ हाकांना थांबत नाही त्याला पाय कितीही चांगले असले तरी अशा रस्त्यावर मोकळे सोडता येत नाही, आणि त्याच्यासाठी गाडीचा पट्टा हीच सुरक्षितता आहे. थांबण्याचा सराव मैदानात करावा, रस्त्यावर त्याची परीक्षा घेऊ नये.

दुसरी गोष्ट अंतराची. ती रमतगमत, न कुरकुरता किती चालते ते पाहावे आणि त्याच्या निम्मे अंतर हेच तिचे अंतर समजावे, कारण परत यायचे असते हे मुलाला कळत नाही आणि पुष्कळदा आपणही विसरतो. चौथ्या घरापर्यंत चालली तर दुसऱ्या घरापासून मागे वळावे. दर चार-पाच दिवसांनी थोडे वाढवावे. सुरुवात कोपऱ्यावरच्या दुकानापासून करावी, आईच्या घरापासून नव्हे. झोपेची वेळ टाळावी. या वयाची बरीच मुले दुपारी झोपतात, आणि झोपेच्या तोंडावर चालायला लावलेले मूल हरणार हे ठरलेलेच आहे.

ती "उचल" म्हणते तेव्हा प्रत्येक वेळी तिला उचलून हवे असतेच असे नाही. पुष्कळदा तिला फक्त थांबायचे असते. आपल्या अवस्थेत तर तिला उचलण्याऐवजी आपणच कट्ट्यावर, पायरीवर तिच्याशेजारी दोन मिनिटे बसावे, पाणी द्यावे, आणि मग उठावे. या बसण्याचा हिशेब धरूनच घरातून लवकर निघावे. खरे सांगायचे तर गाडी सोडायला बहुतेक वेळा मूल नव्हे, आपले घड्याळ तयार नसते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे तेही लिहिते, कारण हे वाचणारे इतरही असतील. भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या पाहणीवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जे ठोकताळे दिले, त्यांनुसार मुले साधारण आठव्या ते अठराव्या महिन्यादरम्यान आधाराशिवाय चालू लागतात. अठरा महिने उलटूनही चालत नसेल, लंगडत असेल, एकच पाय घासत असेल, कायम चवड्यांवर चालत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली असेल, तर बाबागाडीची चर्चा बाजूला ठेवून आधी तपासणी करावी. तळपाय सपाट दिसणे आणि तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे आत वळलेले दिसणे ही मात्र बहुतांश मुलांची अवस्था असते आणि ती वाढीबरोबर सुधारते. गाडीने पाय वाकडे झाले, अशी तक्रार घेऊन आलेल्या पालकांना मला अनेकदा हेच सांगावे लागते.

चिकोडीचा बाबा

मॅडमचे सर्व म्हणणे मान्य करूनही एक अप्रिय गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या भागात बाबागाडी सुटल्यावर मूल चालू लागते, असे मी फार कमी घरांत पाहिले आहे. गाडी सुटते आणि मूल स्कूटरवर, पुढच्या फळीवर उभे राहते. माझ्या स्वतःच्या घरी हेच झाले. मुलगा तीन वर्षांचा होताच मी मोठ्या अभिमानाने बाबागाडी माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून पाव किलोमीटरवरच्या दुकानालाही त्याला स्कूटरवर नेऊ लागलो. सहा महिन्यांनी हिशेब केला तर तो गाडीत असताना जेवढे चालत होता त्याहूनही कमी चालत होता, कारण बाबागाडीतून तो निदान मध्ये मध्ये उतरत तरी असे.

शिवाय धोका वाढला तो वेगळाच. मोटार वाहन नियमांत २०२२ साली बदल झाला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे. चार वर्षांखालील मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. आपल्या शहरात किंवा चिकोडीत हे किती पालक पाळतात ते मी लिहायला नको. फळीवर उभे केलेले मूल ब्रेक लागताच हँडलवर आदळते, एवढे समजायला नियम वाचण्याचीही गरज नाही.

म्हणून ताई, यजमानांना एक प्रश्न विचारा. गाडी गेली की मुलगी चालणार आहे की स्कूटरवर बसणार आहे? दुसरे उत्तर असेल तर माझ्या मते गाडी अजून सहा महिने राहू द्या.

अनगोळची आई

सर्वांचे मनापासून आभार. आजी, "गाडी ही तुझी नणंद" हे वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या आधी गप्प बसल्या आणि मग स्वतःच हसल्या. त्यांच्या माहेरी त्यांनाही एका चुलत्याच्या खांद्यावरूनच जत्रेला नेत असत, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितले.

मॅडम, आपण सांगितल्याप्रमाणे दोन दिवस वेळ मोजली. पहिल्या दिवशी गाडीत एक तास पन्नास मिनिटे आणि दुसऱ्या दिवशी दोन तास दहा मिनिटे गेली, त्यात संध्याकाळच्या फिरण्याची चाळीस मिनिटे होती. एवढा आकडा येईल असे मला वाटले नव्हते. थांबण्याची परीक्षा मैदानात घेतली. दहापैकी चार वेळा थांबली. चिकोडीच्या दादांचा प्रश्न यजमानांना विचारला आहे, त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही.

एक शंका उरते. बाळ आल्यावर हीच गाडी त्याला द्यायची आहे. तिची वस्तू काढून त्याला दिली असे तिला वाटू नये, यासाठी काय करावे?

शहापूरची एक आई

बाळ येण्याच्या आणि गाडी जाण्याच्या वेळा एकत्र येऊ देऊ नयेत, एवढेच मी अनुभवाने सांगू शकते. माझ्या थोरल्याची गाडी आम्ही धाकटीच्या बारशाच्या दिवशीच तिला दिली आणि पुढचे दोन महिने तो घरातही रांगू लागला. आता तीन-साडेतीन महिने हातात आहेत तर त्यातल्या पहिल्या दोन महिन्यांत सोडवा आणि नंतर गाडी निदान महिनाभर तिच्या नजरेआड ठेवा. बाळासाठी बाहेर काढाल तेव्हा कापड बदलून, धुऊन, वेगळी दिसेल अशी काढा. आणि तोवर सुटलीच नाही तर सोडवण्याचा हट्ट बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत करू नका, दोघांना बसता येईल अशी काही सोय करून वेळ काढा; मागे उभे राहायची चाके असलेली फळी मिळते, ती जोडता येते का पाहा.

या निमित्ताने आणखी एक लिहिते, ते आपल्याला उद्देशून नाही. माझी धाकटी जन्मतःच अंगाने सैल आहे, तिचे स्नायू लवकर थकतात, आणि ती साडेचार वर्षांची असूनही बाहेर गाडीत असते. खडेबाजारातून जाताना दर वेळी कोणीतरी अनोळखी बाई थांबून "एवढी मोठी झाली आणि गाडीत?" असे तिच्याच तोंडावर म्हणते. मुलीला आता ते कळते. गाडीतल्या मोठ्या मुलाकडे पाहून असे म्हणण्याआधी माणसाने एकदा थांबावे.

हिंदवाडीची फिजिओथेरपिस्ट

शहापूरच्या ताई, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. आपल्या मुलीसाठी गाडी हे घराबाहेर पडण्याचे साधन आहे आणि तिला वयाची अट लावण्याचे काहीच कारण नाही. थकण्याआधी उतरून थोडे चालणे, मग बसणे, हा क्रम आपले थेरपिस्ट सांगतील तसा ठेवावा.

अनगोळच्या ताई, दहापैकी चार ही वाईट सुरुवात नाही. सराव खेळातून व्हावा, दटावून नव्हे.

अनगोळची आई (तीन आठवड्यांनंतर)

विचारून गप्प बसणे बरे दिसत नाही, म्हणून काय झाले ते लिहिते.

थांबण्याचा सराव अनपेक्षित ठिकाणाहून आला. आमच्या शेजारच्या आजी कन्नड आहेत. त्या अंगणात मुलांचा खेळ घेतात. मुले धावत असताना त्या "निल्लु" (म्हणजे थांब) म्हणून ओरडतात, आणि जो हलेल तो बाद. माझ्या "थांब"ला न जुमानणारी मुलगी "निल्लु" म्हटले की एक पाय हवेत ठेवून पुतळ्यासारखी उभी राहते. मी मराठीचा आग्रह सोडला. आता रस्त्यावर मीही "निल्लु" म्हणते आणि दहापैकी आठ-नऊ वेळा ती थांबते. यजमानांना हे गमतीचे वाटते, पण तेही आता तोच शब्द वापरतात.

मैदानातली गाडी पहिल्याच दिवशी बंद केली. दोन संध्याकाळी रडणे झाले, तिसऱ्या दिवशी तिने गाडीची आठवण काढली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाला आता ती चालत जाते आणि कोथिंबिरीची जुडी स्वतःच्या छोट्या पिशवीतून आणते, त्यामुळे कोथिंबीर घरी येईपर्यंत अर्धी उरते, ते असो. पूर्वी आठ मिनिटांत होणाऱ्या या फेरीला सव्वीस मिनिटे लागतात. वाटेतल्या एका घराच्या पायरीवर आम्ही जाताना आणि येतानाही बसतो, आणि त्या घरातल्या बाई आता आम्हाला पाणी विचारतात.

टिळकवाडीला आईकडे जाताना अजून गाडीच नेते. ते अंतर तिचे नाही, निदान या पावसाळ्यात तरी नाही. गणपतीचे देखावे पाहायला गाडी नेली नाही, कारण त्या गर्दीत गाडी ढकलता येतच नाही. तिथे ती सबंध वेळ वडिलांच्या खांद्यावर होती आणि त्याबद्दल कोणीही काही बोलले नाही. स्कूटरचे उत्तर यजमानांनी शब्दांत दिले नाही, पण परवा मुलीच्या मापाचे हेल्मेट आणि पट्टा घेऊन आले, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला चालतच जायचे असे सासूबाईंनी त्यांना बजावले आहे.

एक दिवस पेच पडला. अर्ध्या वाटेत ती रस्त्यावर बसली, पाऊस सुरू झाला, मला वाकता येईना आणि कट्टाही जवळ नव्हता. एका अनोळखी रिक्षावाल्याने दोघींना घरापर्यंत आणून सोडले. त्या दिवसापासून आभाळ भरलेले असेल तर मी गाडी नेते, आणि ती रिकामी ढकलावी लागली तरी चालते.

खानापूरची आजी

रिकामी गाडी ढकलायची वेळ आली की ती तिच्या हातात दे. उंची पुरत नसेल तर बाजूची दांडी धरू दे. मात्र पिशवी त्यात बैठकीवर ठेव, दांडीला नको, निपाणीच्या दादांची नडगी लक्षात ठेव. आणि बाळासाठी काढशील तेव्हा चाकांना आधी तेल घाल. पावसाळ्यानंतर ती कुरकुरतात आणि नेमके झोपलेले बाळ उठते.